मामा गोड बोलू लागतात

दुकानाला तीन नावं होती आणि तिन्ही खरी होती. दारावरच्या पाटीवर 'इलेक्ट्रिक दुरुस्ती' लिहिलेलं, पावतीपुस्तकावर 'रिपेअरिंग वर्क्स' छापलेलं, आणि रबरी शिक्का उमटवला की 'रेडिओ सेंटर' यायचं. शिक्का रेडिओच्या काळातला होता, पण अजून झिजला नव्हता, आणि न झिजलेली वस्तू टाकायची नाही हा मामांचा नियम. लोक मात्र यातलं एकही नाव वापरत नसत. मिक्सर बंद पडला, इस्त्री तापेना, पंखा कुरकुरायला लागला, की "मामांकडे टाकून ये" एवढंच म्हणत. अख्ख्या गल्लीचे ते मामा. सख्खी भाची मात्र एकच, आणि आपली गोष्ट तिच्यामुळेच घडली.

मामांना अडुसष्टावं लागलं होतं. स्टुलावरून उठताना गुडघे आवाज करत. शेजारच्या औषधवाल्याला मधली भिंत पाडून आपलं दुकान वाढवायचं होतं. तो गेली दोन वर्षं रोज सकाळी "मामा, काय ठरलं मग?" असं विचारत होता, आणि हल्ली मामांचं "बघू" जरा मऊ पडायला लागलं होतं. एवढ्यात भाची जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून आली आणि म्हणाली, दुकान मला दे. लहानपणापासून प्रत्येक सुट्टीत ती त्याच स्टुलावर बसून कॉइल गुंडाळायला शिकली होती, त्यामुळे तिच्या हाताची मामांना काळजी नव्हती. काळजी होती ती वेगळीच.

"काम तुला येतं गं," मामा म्हणाले. "पण लोक तुझ्याकडे वस्तू टाकतील का? एक महिना दुकान तुझ्या पद्धतीनं चालव. महिनाअखेरीला फळ्या भरलेल्या दिसल्या तर दुकान तुझं. रिकाम्या दिसल्या तर भिंत पडली म्हणून समज."

भिंतीला लागून चार फळ्या होत्या. दुरुस्तीला आलेल्या वस्तू त्यांच्यावर नेहमी दाटीवाटीनं बसलेल्या असत. दुरुस्तीच्या दुकानाची पत त्याच्या फळ्यांवर कळते, हे भाचीलाही ठाऊक होतं. तिनं हात पुढे केला, मामांनी टाळी दिली, आणि पैज लागली.

आता जाहिरात कंपनीत सहा वर्षं काढलेलं माणूस पहिलं काय करणार? तिनं दुकानाची स्टाइल गाइड, म्हणजे दुकानानं दिसायचं-बोलायचं कसं त्याची नियमपुस्तिका, लिहायला घेतली. छोटीशी, चार पानांची, रोजच्या उपयोगाची. दुकानाचं नाव एकच, 'दुरुस्ती'. रंग एकच, नारिंगी. प्रत्येक वस्तूला सारखं नारिंगी लेबल. आणि तिसऱ्या पानावर, दुकानानं बोलायचं कसं. ग्राहकाला 'आपण' म्हणावं, स्वतःला 'आम्ही'. बोलण्याची सुरुवात आणि शेवट आभारानं करावा. ग्राहकाला दोष देऊ नये. ग्राहकाला 'नाही' म्हणू नये, दुसरा पर्याय सुचवावा. स्वतःच्या घरच्या किंवा तब्येतीच्या गोष्टी ग्राहकाला सांगू नयेत.

असल्या अकरा गाइड तिनं कंपनीत असताना लिहिल्या होत्या, बड्या बड्या लोकांसाठी. अकराच्या अकरा कुठल्यातरी खणात जाऊन पडल्या. त्या कुणी वाचल्याचं तिनं पाहिलं नव्हतं, मग पाळल्याचं तर नावच सोडा. त्यामुळे नियम लिहिताना तिचा हात अगदी सैल होता.

आणि तिनं ती गाइड दिली कुणाला, तर मामांना. कंपनीनं यंत्राबरोबर दिलेली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय ज्यांनी आयुष्यात कधी स्क्रू ढिला केला नाही, अशा माणसाला. मामांच्या मते जगातल्या निम्म्या वस्तू पुस्तिका न वाचल्यामुळे बिघडतात आणि उरलेल्या निम्म्या अर्धवट वाचल्यामुळे. त्यांनी चष्मा बदलला, पेन्सिल घेतली आणि दोन दिवस चार पानं वाचली. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकच शंका काढली. यात दोष, कारण आणि उपाय असा तक्ता का नाही?

भाचीला इतका आनंद झाला की विचारू नका. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शंका विचारली होती. तिनं लगेच तक्ता करून जोडला. दोष: ग्राहक चिडला आहे. कारण: वस्तू बिघडली आहे. उपाय: "आपली अडचण आम्हाला समजते" असं म्हणावं. मामांनी पुस्तिका कामाच्या टेबलासमोर टेस्टरच्या शेजारी टांगली. सोमवारपासून अंमल.

इथे मामांचं मूळ बोलणं कसं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मामा ग्राहकांना झापत. पंखा आणलेल्याला विचारत, "ही धूळ साठवली आहे की पेरली आहे?" घरीच स्क्रू काढून बघणाऱ्याला विचारत की आता पुढचं ऑपरेशनही तुम्हीच करणार का. घेतलेली वस्तू मात्र सांगितलेल्या वारी, सांगितलेल्या वेळी, नव्यासारखी करून देत. पस्तीस वर्षं गल्ली त्यांच्याकडून बोलणी खात होती आणि सुखी होती.

सोमवारी सकाळी भाची पाटी रंगवायला घेऊन गेली आणि तिथूनच लेबलं छापायला. पाटी नसलेल्या दुकानात मामा एकटे. पहिल्या आल्या मोठ्या बाई. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून बाईंनी तीस वर्षं सगळ्यांना झापलं होतं. निवृत्तीनंतर त्यांना झापणारा उभ्या जगात एकच माणूस उरला होता, आणि दर तीन महिन्यांनी जळका मिक्सर घेऊन बाई हौसेनं त्याच्यासमोर उभ्या राहत. त्यांनी मिक्सर टेबलावर ठेवला, वासानंच कॉइल गेलेली कळत होती, आणि त्या मान खाली घालून वाट बघू लागल्या.

मामांनी पुस्तिकेकडे पाहिलं. "नमस्कार," ते म्हणाले. "आपण आलात, आम्ही आभारी आहोत."

बाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मी पुन्हा तो सलग दहा मिनिटं फिरवला, मामा," बाईंनी कबुली दिली. "तुम्ही बजावलं होतं तरी."

"आपली अडचण आम्हाला समजते."

"मामा, तुम्हाला बरं नाही का?"

आता याला साधं उत्तर होतं, की नाही हो, ठणठणीत आहे. पण 'नाही' म्हणायचं नव्हतं आणि तब्येतीचं तर मुळीच बोलायचं नव्हतं. मामांनी दोन्ही नियम सांभाळले. "आमच्या तब्येतीबद्दल आम्ही ग्राहकांशी बोलत नसतो," ते अत्यंत प्रेमानं म्हणाले. "आपण विचारलंत, आभारी आहोत."

बाईंनी मिक्सर तिथेच सोडला. त्या बाहेर पडल्या त्या तडक शेजारी औषधवाल्याकडे गेल्या आणि मामांना कसली औषधं चालू आहेत ते विचारलं. औषधवाल्याला काडीची माहिती नव्हती. पण आपल्याला माहिती नाही हे कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं डोळे मिटले, मान हलवली आणि आम्ही असं सांगू शकत नसतो असं म्हटलं. झालं. दुपारपर्यंत गल्लीला कळलं की मामांचं काहीतरी मोठं आहे. संध्याकाळपर्यंत गल्लीला ते काय आहे तेही कळलं, फक्त प्रत्येक घरात वेगवेगळं.

मंगळवारी समोरचा शिंपी आला. त्याच्या इस्त्रीची वायर मामांकडे होती, पण वायर हा नुसता बहाणा. दाराची पाटी गेलेली त्यानं पाहिली होती. इकडचं तिकडचं न बोलता त्यानं थेट विचारलं, "मामा, खरं सांगा. दुकान बंद करताय का?"

मामांनी पुस्तिकेकडे पाहिलं. पान तीन. 'नाही' म्हणू नये, दुसरा पर्याय सुचवावा.

"आपण आम्हाला दुसरा प्रश्न विचारू शकता," मामा म्हणाले.

शिंपी मोठ्या मनाचा माणूस. त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही. मामांचा हात हातात घेतला, दाबला, आणि डोळे पुसत दुकानाबाहेर पडला. वायर न्यायचीही राहिली.

बुधवारी लेबलं आली. भाची ती मामांच्या हातात देऊन उभ्या उभ्याच परत रंगाऱ्याकडे पळाली, कारण त्यानं नारिंगीच्या नावाखाली भलताच रंग काढला होता आणि दोन वेळा तो पुसून घ्यावा लागला होता. मामांनी पुस्तिका उघडली. 'जुनी लेबलं पूर्ण काढून, वस्तू पुसून, मगच नवीन लावावीत.' फळ्यांवर दाटीमुळे हात जाईना, म्हणून त्यांनी सगळ्या वस्तू बाहेर आणून दुकानासमोर ओळीनं मांडल्या. एकोणीस मिक्सर, चौदा इस्त्र्या, अकरा पंखे आणि बाकीचं किडुकमिडुक. आत रिकाम्या फळ्या, वर पाटी नाही, आणि म्हातारा एकटाच एकेका वस्तूवरून शेवटचा हात फिरवावा तसं फडकं फिरवतोय. गल्लीनं हे दृश्य खिडक्याखिडक्यांतून पाहिलं आणि ज्यांना अजून शंका होती त्यांचीही फिटली.

गुरुवारी सकाळी भाची पाटी घेऊन आली तेव्हा दुकानासमोर रांग लागली होती. थेट शिंप्याच्या दारापर्यंत. तिचं काळीज सुपाएवढं झालं. चार दिवसांत गाइडनं गल्ली हलवली होती. कंपनीतल्या सगळ्या साहेबांना इथे आणून उभं करावं असं तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की लोक येतायत रिकाम्या हातांनी आणि जातायत वस्तू घेऊन.

रांगेत एक काकू होत्या. त्यांनी भाचीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या की तू वेळेवर आलीस ते बरं केलंस, शेवटी अशा वेळी घरचंच माणूस लागतं. भाचीनं विचारलं, कशा वेळी? काकूंनी डोळ्याला पदर लावला. बाकीचं तिला रांगेनंच तुकड्यातुकड्यांत सांगितलं.

ती आत धावली. चारपैकी तीन फळ्या उघड्या पडल्या होत्या. टेबलावर फळांचा ढीग होता, सफरचंद, केळी, द्राक्षं, आणि त्या ढिगामागे मामा उभं राहून एकेकाला वस्तू परत देत होते आणि प्रत्येकाचे आभार मानत होते. आभार ऐकून माणूस आणखीनच रडत होता.

"मामा, तू त्यांना सांगत का नाहीस, की मी बरा आहे म्हणून?"

"पान तीन," मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "मला वाटलं तू विचार करूनच लिहिलं असशील."

पान तीन आत्तापासून रद्द, असं भाचीनं जाहीर केलं. तू पूर्वीसारखा झाप त्यांना, चांगला झाप, म्हणजे सगळे सरळ होतील. मामांनी खाकरून घसा साफ केला, कमरेवर हात ठेवले, समोरच्या माणसाकडे पाहिलं. समोरच्या माणसाच्या हातात डाळिंबं होती. मामांचे हात खाली आले.

"फळं आणलीयेत गं त्यांनी," ते हळूच म्हणाले. "कसं बोलू?"

एवढ्यात औषधवाला मोजपट्टी घेऊन आत आला. कुणाच्या दुःखात घाई करू नये हे त्याला कळत होतं, म्हणून तो पाय न वाजवता मधली भिंत मोजायला लागला. भाची बघत राहिली. महिना संपायला अजून सव्वीस दिवस होते आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचं दुकान एकेक मिक्सर करून चाललं होतं.

रांगेत आता मोठ्या बाईंचा नंबर होता. त्यांचा मिक्सर मामांनी उघडून ठेवलेला होता, बूड वेगळं, मोटार वेगळी, तारा लोंबतायत. बाईंनी तो तसाच दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला.

"बाई, तो अजून झाला नाही," भाची म्हणाली.

"असू दे बाळ," बाई म्हणाल्या. "आता दुरुस्त नकोच. असाच ठेवीन. मामांची आठवण."

मामा हयात, तीन फुटांवर उभे. त्यांची आठवण म्हणून बाई उघडा मिक्सर घेऊन निघाल्या होत्या. भाचीच्या डोक्यात काय तुटलं कोण जाणे, पण तुटलं.

"खाली ठेवा तो," ती म्हणाली. आवाज इतका होता की बाहेर रांग सरळ झाली. "उघड्या तारा छातीशी धरून कुठं निघालात? शाळेत विज्ञान शिकवायचात ना तुम्ही? दहा मिनिटं फिरवून फिरवून जाळलात तो जाळलात, वर अर्धवट नेऊन कपाटात ठेवणार? आणि तुम्ही, हो, तुम्हीच, तो पंखा उलटा कुणी धरतं? पाती वाकली ना. आता मला अर्धा दिवस लागणार ती सरळ करायला. मामाला काही झालेलं नाही. त्याला कालपासून एवढी फळं खायला घालताय त्यानं मात्र होईल. तुम्ही काय मोजताय भिंत? पट्टी उलटी धरली आहे. आणि ज्यांनी वस्तू नेल्यात त्यांनी त्या तासाभरात परत आणून टाका. एकाही इस्त्रीचं काम झालेलं नाही, आज घरी लावलीत आणि फ्यूज उडाला तर मला बोलवायला येऊ नका, मी येणार नाही."

बोलून झाल्यावर भाचीला स्वतःलाच ऐकू आलं आपण काय बोललो ते, आणि तिचे कान गरम झाले. जाहिरात कंपनीत कुणी ग्राहकाशी असं बोललं असतं तर त्याला खिडकीतून बाहेर काढलं असतं. तिनं मनातल्या मनात दुकानावर पाणी सोडलं.

मोठ्या बाईंनी मिक्सर हळूच टेबलावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर सोमवारपासून गेलेला रंग परत आला होता.

"मग मिळेल कधी?" त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

"शनिवारी. आणि मधे विचारायला यायचं नाही."

"नाही येणार," बाई म्हणाल्या आणि मागे वळून त्यांनी रांगेला सांगितलं, "दुकान चालू आहे."

रांगेचा जीव भांड्यात पडला. तो पडल्याचा आवाज जणू औषधवाल्यालाही आला, कारण त्यानं मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली. वस्तू नेलेले लोक वस्तू परत आणायला धावले. धावता धावता ज्याला त्याला आठवलं की घरात आणखीही काय काय बिघडलंय, ते आपण मामांना त्रास नको म्हणून ठेवून दिलंय. दुपारपर्यंत चारही फळ्या भरल्या. मग खिडकीचा कट्टा भरला. मग टेबलाखाली जागा करावी लागली. शिंप्यानं वायर नेली आणि तिच्या बदल्यात शिवणयंत्राची मोटार आणून ठेवली. शेवटी औषधवाला परत आला. त्याच्या टेबल फॅनचा आवाज येत होता म्हणे. भाचीनं त्याला पाच मिनिटं बोलून घेतलं, लेबल लावलं, आणि तो समाधानानं गेला.

मामा हे सगळं स्टुलावर बसून केळं खात बघत होते. गर्दी सरली तेव्हा भाचीनं टेबलासमोरची पुस्तिका काढायला हात घातला. मामांनी तो अडवला. नारिंगी रंग चांगला आहे, ते म्हणाले, लांबून दिसतो. लेबलं तर फारच चांगली, मला आधीच सुचायला हवी होती. फक्त तिसरं पान त्यांनी नीट घडीवर फाडलं.

"पुस्तिका चुकली नव्हती," ते म्हणाले. "दुसऱ्याच यंत्राची होती. असं होतं कधीकधी, खोक्यात भलतीच येते."

भाचीनं विचारलं, महिना संपायचा आहे, पैज अजून चालू ना? मामांनी केळ्याची साल टाकली, हात पुसले आणि म्हणाले, "उद्यापासून मी अकराला येईन."

पस्तीस वर्षं त्या दुकानाचं दार मामांनीच उघडलं होतं, रोज सकाळी साडेआठला. भाचीला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा तिनं म्हाताऱ्याला अशी मिठी मारली की त्याचा चष्मा वाकडा झाला. औषधवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी काय ठरलं ते विचारायची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नव्या नारिंगी पाटीखाली भाचीनं साडेआठला दार उघडलं. दहालाच मामा आले. दुकानात न शिरता ते बाहेर दोन ग्राहकांच्या मागे उभे राहिले. हातात पिशवी होती. नंबर आल्यावर त्यांनी ती टेबलावर रिकामी केली. आतून निघाली घरची इस्त्री, म्हणजे इस्त्रीचे सतरा तुकडे.

"सकाळी घरी वेळ जाईना," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "हत्यारं सगळी इथे. सुरीनं उघडली."

"चालत होती?"

"चालत होती."

"मग उघडलीस कशाला?"

मागच्या माणसानं पुढे वाकून तुकडे पाहिले आणि तोंड फिरवून हसला. भाचीनं एक स्क्रू उचलून उजेडात धरला. सुरीनं त्याची खाच पार गेली होती. मग तिनं सुरुवात केली, आणि तिनं काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. वय काढलं, अनुभव काढला, मामींना संध्याकाळी कुठल्या तोंडानं सांगणार तेही विचारलं. मामा टेबलाच्या कडेला धरून उभे होते. चेहरा गंभीर ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण ते त्यांना जमलं नाही.

"सोमवारी ये," शेवटी ती लेबल चिकटवत म्हणाली.

"मामीला उद्या लग्नाला जायचंय. साडी आहे इस्त्रीची."

"मग तिला सांग, कुणामुळे चुरगळलेली नेसावी लागली ते."

मामांनी पावती घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर आले. शिंपी आपल्या दारात उभा होता. त्यानं काळजीनं विचारलं की काय झालं.

"काही नाही," मामा म्हणाले, आणि चार दिवसांनी तो शब्द तोंडात आल्यावर त्यांना फार बरं वाटलं. "दुकान चांगल्या हातात आहे. मलासुद्धा झापलं तिनं."